दोन बेसनं, वीस लॉट, तेलात १८ ग्रॅमचा फरक: हा फरक खरा धरू का?

लोकमान्यनगरची_शेववाली, इंदूर

नमस्कार. मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते आणि गेली नऊ वर्षं घरून शेव करून देते. आमच्याकडे सकाळच्या पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला पडल्याशिवाय ते पोहे कुणाला पोहे वाटत नाहीत, त्यामुळे काम बारा महिने असतं. दिवाळीआधीच्या महिन्यात तर सोऱ्या हातातून सुटत नाही. सगळ्यात मोठा खर्च तेलाचा. एक किलो बेसनाची लवंगेची शेव तळून झाली की कढईतलं साडेचारशे ग्रॅमच्या आसपास तेल गेलेलं असतं. मोहनाचं तेल वेगळंच.

आजवर मी सियागंजच्या बाजारातून तयार बेसन आणत आले. यंदा श्रावणात सासूबाई म्हणाल्या, "हरभऱ्याची डाळ आणून चक्कीवर दळून घे. शेव तेल कमी पिते." त्यांच्या हातावर माझा विश्वास आहे, पण दिवाळीचं साठ किलो बेसन नुसत्या शब्दावर बदलायला मन घेईना. म्हणून मोजून बघायचं ठरवलं.

एक किलो बेसनाचा एक लॉट धरला. तळायच्या आधी तेलासकट कढई काट्यावर ठेवायची, तळून झाल्यावर झाऱ्याने चुरा काढून, कढई कोमट झाली की पुन्हा ठेवायची. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे शेवेबरोबर गेलेलं तेल. काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवतो. दहा लॉट तयार बेसनाचे, दहा चक्कीच्या बेसनाचे. आकडे वहीतून जसेच्या तसे देते, ग्रॅममध्ये:

तयार बेसन: ४५२, ४३१, ४६७, ४४०, ४५८, ४२५, ४४९, ४७१, ४३६, ४६१
चक्कीचं बेसन: ४२८, ४४१, ४०९, ४३६, ४४७, ४१८, ४३२, ४५२, ४११, ४३६

पहिल्याची सरासरी ४४९, दुसऱ्याची ४३१. फरक १८ ग्रॅम.

माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला सांख्यिकी हा विषय आहे. तिने एक्सेलमध्ये टी-टेस्ट लावली, म्हणजे दोन सरासऱ्यांतला फरक नुसत्या योगायोगाचा असू शकेल का ते तपासलं. पी-व्हॅल्यू ०.०१६ आली. "आई, ०.०५ पेक्षा कमी आहे, फरक खरा," असं ती म्हणाली. मग माझा पुतण्या आला. त्याने दोन्ही बेसनांचे ९५ टक्क्यांचे कॉन्फिडन्स इंटर्व्हल काढले, म्हणजे खरी सरासरी कुठून कुठपर्यंत असू शकेल त्या हद्दी. तयार बेसनाचा ४३७.८ ते ४६०.२, चक्कीच्या बेसनाचा ४२०.६ ते ४४१.४. त्याचं म्हणणं असं, की ४३७.८ ते ४४१.४ एवढा भाग दोन्हींत सामाईक आहे, म्हणजे फरक सिद्ध होत नाही. दोघंही शिकलेली, आकडे तेच, आणि उत्तरं उलटी.

माझं शिक्षण बी.ए. मराठी. सूत्र पाठ करून द्याल तर मी करीन, पण मला ते समजून घ्यायचं आहे. दोघांपैकी कोणाचं बरोबर? आणि का?

एमबीए_पुणे

पुतण्याचं बरोबर आहे. इंटर्व्हल एकमेकांत शिरले की फरक सिग्निफिकंट नाही. आम्हालाही असंच शिकवलं होतं.

पिथमपूर_क्यूसी, इंदूर

ताई, मुलीचं बरोबर आहे. वरच्या प्रतिसादातला नियम मी बावीस वर्षं पिथमपूरला औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये असताना रोज ऐकला, आणि त्यावरून चांगल्या बॅचेसबद्दल चुकीचे निष्कर्ष काढलेले पाहिले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नियमाची एक बाजू खरी आहे. दोन इंटर्व्हल पूर्ण वेगळे असतील, मध्ये फट असेल, तर फरक आहे असं खुशाल म्हणा. उलटी बाजू मात्र खरी नाही. ते थोडे एकमेकांत शिरले, तर त्यावरून काहीच ठरत नाही. तुमचा प्रश्न "तयार बेसनाची सरासरी कुठे असेल" आणि "चक्कीची कुठे असेल" असा दोन तुकड्यांत नाहीच. तुम्हाला दोन्हींतला फरक किती ते हवं आहे. मग इंटर्व्हलही फरकाचाच काढायला हवा, आणि तो एकच असतो.

आता हे का ते बघा. तयार बेसनाच्या इंटर्व्हलची एका बाजूची बाही ११.२ ग्रॅम आहे, चक्कीची १०.४. पुतण्याची पद्धत या दोन्ही बाह्यांची बेरीज करते, म्हणजे फरक २१.६ च्या वर गेल्याशिवाय ती मानणारच नाही. पण तेवढी चूक व्हायला काय घडावं लागेल? तयार बेसनाचा अंदाज आपल्या हद्दीच्या टोकापर्यंत वर चुकायला हवा, आणि त्याच वेळी चक्कीचा अंदाज टोकापर्यंत खाली. दोन स्वतंत्र गोष्टी एकाच वेळी, विरुद्ध दिशांना, एवढ्या चुकणं दुर्मीळ असतं. म्हणून चुका सरळ मिळवत नाहीत. त्यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढतात. शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय आठवा: काटकोनाच्या दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा कर्ण नेहमी लहान असतो. इथेही तेच.

तुमच्या आकड्यांवर करून दाखवतो. तयार बेसनाचं स्टँडर्ड डेव्हिएशन १५.६ आहे, म्हणजे एकेक लॉट सरासरीपासून साधारण एवढा इकडेतिकडे होतो. दहा लॉटची सरासरी त्यापेक्षा स्थिर असते, म्हणून १५.६ ला १० च्या वर्गमूळाने भागायचं: ४.९. हे स्टँडर्ड एरर. चक्कीचं तसंच १४.६ वरून ४.६. या दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं की फरकाचं स्टँडर्ड एरर ६.७५ मिळतं. साधी बेरीज केली असती तर ९.५ आलं असतं. सगळा घोळ या दोन आकड्यांमधल्या जागेत आहे.

१८ ला ६.७५ ने भागा: २.६७. ही टी. आणि ६.७५ ला टीच्या कोष्टकातल्या २.१० ने गुणा: १४.२. म्हणजे फरकाचा ९५ टक्क्यांचा इंटर्व्हल १८ वजा १४.२ ते १८ अधिक १४.२, म्हणजे ३.८ ते ३२.२ ग्रॅम. शून्य यात नाही. एकाच पद्धतीने काढलेला ९५ टक्क्यांचा इंटर्व्हल शून्याला वगळत असेल, तर त्याच पद्धतीची पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खालीच येते. म्हणून मुलीच्या पी-व्हॅल्यूचं आणि या इंटर्व्हलचं कधी भांडण होणार नाही. पुतण्याने गणित बरोबरच केलं, फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होतं.

पी-व्हॅल्यूबद्दल एक सांगतो, कारण ०.०१६ हा आकडा लोक मनाला येईल तसा वाचतात. समजा तेलाच्या बाबतीत दोन्ही बेसनं अगदी सारखी आहेत. तरी दहा-दहा लॉट केले तर सरासऱ्या तंतोतंत जुळणार नाहीत. अशा परिस्थितीत निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक, कुठल्याही बाजूने, दिसण्याची शक्यता हजारात १६. एवढंच ती सांगते. "बेसनं सारखी असण्याची शक्यता १.६ टक्के" असा तिचा अर्थ नाही. फरक तुमच्या गल्ल्याला जाणवण्याइतका आहे का, हे तर ती मुळीच सांगत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली यावर मुद्दाम निवेदन काढलं, इतका हा गैरसमज पसरलेला आहे.

मला स्वतःला पी-व्हॅल्यूपेक्षा इंटर्व्हल जास्त उपयोगी वाटतो. ३.८ ते ३२.२ म्हटलं की किती अंधार आहे तेही दिसतं. तेलाची बचत चार ग्रॅम असू शकते आणि बत्तीसही.

आता मला दोन गोष्टी सांगा. हे वीस लॉट कोणत्या क्रमाने केले? आणि चक्कीचं बेसन तुम्हाला किलोमागे किती महाग पडतं?

एमबीए_पुणे

मी माझा प्रतिसाद मागे घेतो. पायथागोरसचं उदाहरण वाचून पटलं. इतकी वर्षं तो नियम दोन्ही बाजूंनी चालतो असं धरून बसलो होतो.

लोकमान्यनगरची_शेववाली, इंदूर

दादा, तुम्ही इतकं बसून लिहिलंत, मनापासून आभार. पायथागोरसचा भाग मुलीला आणि पुतण्याला दोघांनाही वाचून दाखवला. "अंधार किती आहे तेही दिसतं" हे मला फार पटलं.

क्रम असा: रोज दोन लॉट, सकाळी एक, संध्याकाळी एक. पहिले पाच दिवस तयार बेसन, पुढचे पाच दिवस चक्कीचं. चक्कीचं बेसन मधल्या दिवसांत दळून आलं म्हणून असं झालं.

चक्कीचं बेसन मला किलोमागे दोन रुपये जास्त पडतं, डाळ, दळाई आणि रिक्षा सगळं धरून. तेल १४० रुपये किलो.

पिथमपूर_क्यूसी, इंदूर

क्रम ऐकून काळजी वाटली. त्या दहा दिवसांत तेलाचा नवा डबा कधी फोडला?

लोकमान्यनगरची_शेववाली, इंदूर

सहाव्या दिवशी. वही आत्ता उघडून पाहिली. म्हणजे चक्कीच्या बेसनाला नवं तेल मिळालं आणि तयार बेसनाला पाच दिवसांचं, गाळून वापरलेलं. आणि पहिले पाच दिवस पाऊस होता, खिडक्याही उघडता येत नव्हत्या. पुढचे पाच दिवस कडक ऊन. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. जुनं तेल जास्त चिकटून राहतं, हे मला रोजच्या कामातून माहीत आहे.

पिथमपूर_क्यूसी, इंदूर

हेच विचारायचं होतं. तापून तापून तेल घट्ट होतं आणि तळलेल्या पदार्थात जास्त राहतं. शिवाय पीठ भिजवताना पाणी जास्त पडलं तर तळताना ते पाणी वाफ होऊन निघतं आणि त्याच्या वाटांनी तेल आत शिरतं. त्यामुळे १८ ग्रॅममध्ये किती वाटा बेसनाचा आणि किती तेलाच्या वयाचा, हे आता कुठलीही टेस्ट वेगळं करून देऊ शकत नाही. टी-टेस्ट फक्त इतकं सांगते, की दोन गट योगायोगाने एवढे वेगळे पडणं कठीण आहे. ते कशामुळे वेगळे पडले हे प्रयोग कसा मांडला त्यावर असतं.

पुन्हा करायची तयारी असेल तर असं करा. रोज दोन्ही बेसनांचा एकेक लॉट. दोन्हींना एकाच डब्यातलं ताजं तेल, वेगवेगळं, वजन सारखं. पाणी आणि मोहन मोजून. झाऱ्यावर शेव निथळायचा वेळ घड्याळ लावून, कारण बरंचसं तेल कढईतून बाहेर काढल्यानंतर शेव गार होताना आत जातं. सोऱ्या एकाच माणसाच्या हातात. आणि आधी कोणतं बेसन, ते रोज नाणं उडवून ठरवा. नाणं जरूर उडवा, स्वतः ठरवू नका. माणूस स्वतः ठरवायला बसला की नकळत सवय शिरते, आवडतं बेसन सकाळच्या ताज्या हाताला मिळतं.

बुधची_लेक, सातारा

मध्येच बोलते, माफ करा. मी बत्तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि हा धागा वाचताना राहवलं नाही.

काकू, तुम्ही करताय ते काम नेमकं जिथून ही टी-टेस्ट जन्मली त्याच्या जवळचं आहे. विल्यम सीली गॉसेट डब्लिनला गिनेस कंपनीच्या बिअरच्या कारखान्यात नोकरीला होते. बार्ली, माल्ट, हॉप्स यांचे नमुने तपासायचे, आणि नमुने हातात येणार चार, सहा, दहा. मोठ्या नमुन्यांची गणितं तेव्हा होती, पण इतक्या थोड्या आकड्यांवर ती लावली की माणूस आपल्या उत्तराबद्दल वाजवीपेक्षा जास्त खात्री बाळगून बसतो. त्यावर त्यांनी १९०८ साली "स्टुडंट" या टोपणनावाने लेख लिहिला. आजही त्याला स्टुडंटची टी म्हणतात. वर पिथमपूरच्या दादांनी २.१० ने गुणलं ना, मोठा नमुना असता तर १.९६ ने गुणलं असतं. तो जो वाढीव तुकडा आहे, ती थोड्या आकड्यांबद्दलची सावधगिरी आहे.

त्याच लेखात एक उदाहरण आहे. दहा रुग्ण, झोपेची दोन औषधं, दोन्ही औषधं त्याच दहा जणांना. कोणाची झोप किती वाढली याचे आकडे. आर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे आकडे आजही "स्लीप" नावाने बरोबर येतात. त्या वीस आकड्यांना दोन स्वतंत्र गट समजून टेस्ट लावली तर पी-व्हॅल्यू ०.०७९ येते. तेच आकडे माणसागणिक जोडी लावून, प्रत्येकाचा स्वतःचा फरक घेऊन बघितले तर ०.००२८. आकडा एकही बदललेला नाही. एखादा माणूस मुळात गाढ झोपतो, एखादा नाही, ही माणसामाणसांतली तफावत वजाबाकीत गळून पडते आणि औषधाचा फरक उघडा पडतो.

तुमच्याकडे "माणूस" म्हणजे "दिवस". दमट दिवशी दोन्ही बेसनं जास्त तेल पितील, कोरड्या दिवशी दोन्ही कमी. रोज दोन्ही केलीत तर दिवसाचा परिणाम वजाबाकीत जाईल. पण मग हिशोबही जोडीचाच करायचा. मुलीला सांगा, एक्सेलच्या टी-टेस्टमध्ये शेवटचा जो "टाइप" विचारतात तिथे १ म्हणजे जोडी, २ म्हणजे दोन स्वतंत्र गट आणि विखुरणं सारखं, ३ म्हणजे स्वतंत्र गट पण विखुरणं वेगळं असू शकतं. स्वतंत्र गटांसाठी मी विद्यार्थ्यांना नेहमी ३ च सांगत आले. त्याला वेल्चची टेस्ट म्हणतात, १९४७ ची. विखुरणं सारखं निघालं तरी तिने फारसं नुकसान होत नाही, आणि वेगळं निघालं तर २ फसवते.

एक गोष्ट अभिमानाने सांगते, कारण ती आमच्या गावची आहे. दोन्ही गटांचं विखुरणं वेगळं असेल तर सरासऱ्यांची तुलना कशी करायची, हा त्या काळी मोठा वादाचा प्रश्न होता. इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी एक मार्ग सुचवला होता, आणि तो प्रत्यक्ष वापरायला लागणारी कोष्टकं १९३८ साली तयार केली ती पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध. पुढे ते पोषणावरच्या कामासाठी जगभर ओळखले गेले. मी वर्गात हा प्रश्न शिकवायला घेतला की आधी फळ्यावर गावाचं नाव लिहायची. मागच्या बाकावरची मुलंही मान वर करायची.

लोकमान्यनगरची_शेववाली, इंदूर

बाई, तुम्ही शिकवत असताना मी तुमच्या वर्गात असायला हवी होते. बुध गावाची गोष्ट सासूबाईंना सांगितली, त्यांचं माहेर कोरेगावचं. त्या कितीतरी वेळ सातारचंच बोलत होत्या.

पुन्हा करते. गणपती उठले की सुरू. आठ दिवस देऊ शकते, त्यानंतर ऑर्डरी सुरू होतात.

लोकमान्यनगरची_शेववाली, इंदूर (तीन आठवड्यांनी)

झालं. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झाक्या, म्हणजे देखावे, बघून आलो आणि दुसऱ्या दिवसापासून धरलं. आठ दिवस, रोज दोन लॉट. नाणं मुलगी उडवायची. सोऱ्या पूर्ण आठ दिवस माझ्याच हातात. शेव झाऱ्यावर दोन मिनिटं, मोबाइलवर गजर लावून. पाणी मापी भांड्याने. पहिला आकडा तयार बेसनाचा, दुसरा चक्कीचा:

४५५ आणि ४४१
४३८ आणि ४२०
४७० आणि ४६२
४४६ आणि ४२१
४२९ आणि ४१८
४६१ आणि ४४०
४४२ आणि ४३३
४६७ आणि ४४५

आठही दिवस चक्कीचं कमी. रोजचे फरक १४, १८, ८, २५, ११, २१, ९, २२. सरासरी फरक १६ ग्रॅम. तिसऱ्या दिवशी पाऊस आला होता, बघा, दोन्ही बेसनांनी जास्त तेल घेतलं. बाईंनी सांगितलेलं माझ्या वहीत उतरलेलं पाहून अंगावर काटा आला.

या वेळी हिशोब मी स्वतः केला, मुलगी फक्त शेजारी बसली. फरकांचं स्टँडर्ड डेव्हिएशन ६.४. त्याला आठच्या वर्गमूळाने भागून २.२७. आठ आकडे म्हणून कोष्टकात सातची ओळ, तिथे २.३६५. गुणाकार ५.४. म्हणजे इंटर्व्हल १०.६ ते २१.४. बरोबर आहे का?

बुधची_लेक, सातारा

अगदी बरोबर. टी ७.०५, पी-व्हॅल्यू सुमारे ०.०००२.

मी तुमचेच आकडे मुद्दाम जोडी मोडून, दोन स्वतंत्र गट समजून करून पाहिले. फरक तोच १६, पण इंटर्व्हल आला ०.०५ ते ३१.९५ आणि पी-व्हॅल्यू ०.०४९. जेमतेम काठावर. जोडी लावल्यावर तीच रुंदी ३२ वरून ११ च्या आत आली. पहिल्या वेळी वीस लॉट केले होते, आता सोळाच, तरी उत्तर कितीतरी नेमकं. काकू, हे तुमच्या मांडणीचं श्रेय आहे, सूत्राचं नाही. आणि जोडी लावायची की नाही हे आकडे बघून ठरवायचं नसतं. तुम्ही ते आधीच ठरवून बसला होतात, म्हणून हा हिशोब प्रामाणिक आहे.

पिथमपूर_क्यूसी, इंदूर

छान काम केलंत ताई. आता तो दोन रुपयांचा प्रश्न घ्या. आतापर्यंत आपण फरकाची तुलना शून्याशी केली, कारण पुस्तकात तसं असतं. तुमच्या धंद्यात शून्याला काही अर्थ नाही. चक्कीचं बेसन दोन रुपयांनी महाग, तेल १४० रुपये किलो, म्हणजे दोन रुपये वसूल व्हायला किलोमागे १४.३ ग्रॅम तेल वाचायला हवं. तुमची रेघ शून्यावर नाही, १४.३ वर आहे. आणि १४.३ तुमच्या इंटर्व्हलच्या आत बसतं. म्हणजे चक्कीचं बेसन तेल कमी पितं हे पक्कं. त्यात पैसे सुटतात का, हे अजून पक्कं नाही. पी-व्हॅल्यू ०.०००२ आली म्हणून लोक इथे थांबतात आणि निर्णय घेऊन टाकतात.

हे ठरवायचंच असेल तर आणखी दिवस लागतील. ६.४ एवढं विखुरणं धरलं तर बाही ५.४ वरून ३ ग्रॅमवर आणायला वीस दिवस मोजावे लागतील, आणि खरा फरक १६ च्याच आसपास असेल तर तरीही १४.३ आतच राहील.

लोकमान्यनगरची_शेववाली, इंदूर

वीस दिवस आता माझ्याकडे नाहीत. पण तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री मुलीबरोबर बसून इंटर्व्हलच्या दोन्ही टोकांचे पैसे केले. १०.६ ग्रॅम म्हणजे एक रुपया ४८ पैसे. २१.४ ग्रॅम म्हणजे तीन रुपये. त्यातून दोन रुपये वजा करून साठ किलोने गुणलं. एका टोकाला अख्ख्या दिवाळीत ३१ रुपये तोटा, दुसऱ्या टोकाला ६० रुपये फायदा.

हे बघून मी बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. दोन महिने माझ्या मनात "तेलात बुडाले तर" ही भीती होती, आणि ती भीती ३१ रुपयांची निघाली. खरं तर मला पहिल्या दिवसापासून चक्कीच्या बेसनाची शेव जास्त आवडत होती. खुसखुशीत होते, दाताखाली डाळीची चव लागते. पण ते महाग पडेल म्हणून मी स्वतःला आवडू देत नव्हते.

सासूबाईंना आठही दिवसांचे आकडे वाचून दाखवले. त्यांनी प्रत्येक आकड्याला मान हलवली आणि शेवटी विचारलं, "तिसऱ्या दिवशी आठच ग्रॅम का?" मी म्हटलं, पाऊस होता. "मग त्या दिवशी पाणी कमी घालायचं," त्या म्हणाल्या.

आज सकाळी सियागंजात हरभऱ्याच्या डाळीची दोन पोती सांगून आले. परवा दळायला जातील. मुलगी म्हणते, दिवाळीत दर चौथ्या लॉटला वजन करून आकडे लिहीत राहू. वही तिच्याकडे दिली आहे.